विटेचा शेक

पहाटेपासून साळूबाई भांड्यांवर राग काढत होती. तांब्या ठेवायचा तो आदळून, परात उचलायची ती चार घरं जागी होतील अशी. चुलीपुढं भाकऱ्या थापणाऱ्या बनुबाईनं एकदाही मान वर केली नाही. बनुबाई म्हणजे साळूबाईच्या भाच्याची, जोतिबाची बायको. दिवाळीपासून दोघींचं बोलणं तुटलेलं होतं. मीठ हवं असलं तरी एक भिंतीला सांगायची आणि दुसरी भिंतीचं ऐकल्यासारखं करून मिठाचा डबा सरकवायची.

आज घरात पहिल्या पानाचा मान होता. रानातली तंबाखू वाळून घरी आली की पेठेत जाण्याआधी तिचं पहिलं पान हातावर चुरायचं, चिलीम भरायची आणि घरातल्या पुरुषांनी वयाच्या मानानं ओळीत बसून एकेक झुरका घ्यायचा, तोही व्यापाऱ्यांच्या आणि भाऊबंदांच्या देखत. जो स्वतःच्या रानातलं पान ओढत नाही त्याचा माल दुसऱ्यानं का घ्यावा, असा सरळ कारभार होता. साळूबाईच्या आज्यापासून हे चालत आलेलं. ओळीत ज्याला चिलीम चुकली तो घरचा नव्हे, असंच समजायचे. वाटणीच्या भांडणात एका चुलत्याला डावलून चिलीम पुढं गेली होती. त्याच दिवशी तो उठून कडेगावला गेला आणि पुढं त्याचं मढंसुद्धा या दारात आलं नाही.

साळूबाईला या रिवाजाचा कधी राग आलेला नव्हता. उलट ताठा होता. पोरवयात कपाळ पांढरं करून ती माहेरी आली, ती या तंबाखूच्या रानातच राबली. शेंडे खुडून खुडून तिच्या बोटांना आलेला काळेपणा लिंबानं घासला तरी जात नव्हता. धाकटा भाऊ लाला तिनं कडेवर खेळवला, त्याचा कृष्णाकाठचा नावाजलेला लालासाहेब झालेला डोळ्यांनी बघितला, आणि त्याची बायको बाळंतपणात गेली तेव्हा जोतिबाला दुधाच्या बोळ्यावर जगवलं तेही तिनंच. त्यामुळं या घराविरुद्ध कुणी ब्र काढला तर ती आधी त्याच्या अंगावर जायची, मग काय ते ऐकून घ्यायची.

पण आज त्या ओळीत जोतिबानं बसायचं होतं आणि चिलीम ओढायची होती. तिच्या रागाचं मूळ ते होतं.

जोतिबा पलटणीतून सुटून आला तो गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला. महायुद्धात इटलीच्या डोंगरात तोफा ओढून आलेला गडी, छाती अशी की दारात उभा राहिला तर घरात उजेड यायचा नाही. आणि तोच गडी बांधावरनं विहिरीकडं निघाला की अर्ध्या वाटेत थांबायला लागला. थांबायचा, पोटरी दाबायचा, आभाळाकडं बघितल्यासारखं करायचा आणि पुन्हा चालायला लागायचा. पुन्हा थोडं गेलं की थांबला. बसला तर काही नाही, चालला की कळ. थोरला भाऊ नाथाजी ते बघून पहिल्यांदा हसला, मग चिडला, आणि शेवटी सगळ्या आळीत सांगत सुटला की सरकारनं आमचा भाऊ आयतं खायला घालून आळशी करून परत पाठवलाय. लालासाहेबांनीही एकदा भर रानात, गड्यांच्या देखत विचारलं होतं की लेका, पाय दुखतोय का काम बोचतंय. जोतिबानं खाली मान घातली, बिडी पेटवली आणि मोटेकडं गेला. बोलून दाखवायची त्याला सवयच नव्हती. वरच्याचा हुकूम आणि बापाचा शब्द, दोन्ही त्याच्या लेखी एकच.

दसऱ्याच्या सुमारास पाय गार पडायला लागला. डावाच. उन्हात बसला तरी डावा पाय रांजणातल्या पाण्यासारखा गार आणि उजवा चांगला ऊन. साळूबाईनं एरंडाचं पान बांधलं, मोहरीचं तेल चोळलं, डोंगरावरच्या जोतिबा देवाला चांदीचा पाय वाहीन म्हणून बोलली. कशानं गुण येईना तेव्हा तिनं आपल्या आईचा उपाय काढला. विस्तवात वीट लाल तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पोराच्या तळव्याखाली ठेवली. वाऱ्यानं धरलेल्या गुडघ्याला, बाळंतिणीच्या कमरेला, सगळ्याला या घरात विटेचाच शेक. पोळतंय का रं, असं तिनं विचारलंही होतं. तो म्हणाला, न्हाई आत्या, काय बी कळंना. तिला वाटलं, वीट कमी तापली. तिनं दुसरी ठेवली.

अंगठ्याशेजारचं बोट फुगलं, फोड फुटला आणि बरं होण्याऐवजी बोट काळं पडत गेलं. दिवाळीत ते काळं बोट बघून बनुबाईनं जे तोंड मिटलं ते मिटलं. साळूबाईनंही आपली चूक आहे असं कुणापुढं म्हटलं नाही. मनात मात्र ती जळत राहिली, आणि जळणारं माणूस दुसऱ्यालाच चटके देतं म्हणतात तसं उठता बसता बनुबाईलाच बोल लावत राहिली.

शेवटी संक्रांत झाल्यावर त्याला सांगलीला न्यायचं ठरलं. साळूबाई हट्टानं बरोबर गेली. सुनेवर भरवसा नव्हता आणि डॉक्टरवर तर त्याहून नव्हता. डॉक्टर चिंतामण आगाशे हा पन्नाशीचा, किरकोळ, घाऱ्या डोळ्यांचा माणूस. लढाईत दोन वर्षं तोही लष्करी दवाखान्यात होता, त्यामुळं जोतिबाशी त्याचं लगेच जमलं. त्यानं आधी बोटाकडं बघितलंच नाही. पोराला पाठीवर निजवलं, दोन्ही पाय वर धरून पावलं हलवायला लावली. उजवं पाऊल होतं तसंच राहिलं, डावं पिठासारखं पांढरं पडलं. मग त्याला उठवून पाय खाटेखाली सोडायला सांगितले, तर डावं पाऊल हळूहळू लालजांभळं होत गेलं. त्यानं जांघेत बोटं ठेवली, गुडघ्यामागं ठेवली, घोट्यामागं ठेवली, पावलावर ठेवली. ठेवून तो डोळे मिटून बसायचा. साळूबाईला वाटलं, हा काय देवरुषीपणा. तेव्हा त्यानं तिचंच बोट धरून तिच्या पावलावर ठेवलं. कातडीखाली काहीतरी टकटक उडत होतं. मग तेच बोट त्यानं जोतिबाच्या डाव्या पावलावर त्याच जागी नेलं. तिथं काही नव्हतं. तिनं दाबून बघितलं, इकडंतिकडं सरकवून बघितलं. लाकडाला हात लावावा तसं.

डॉक्टरनं मग शांतपणे सांगितलं. पायाकडं शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून सुजून बंद होत चालल्या आहेत. चालताना पोटरीला रक्त जास्त लागतं, ते पोचत नाही म्हणून कळ येते, आणि थांबलं की भागतं म्हणून कळ जाते. हा आळस नव्हे. हे तो बोलला तेव्हा जोतिबानं एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा डोळे पुसले. साळूबाईनं विटेचं नाव काढलं नव्हतं, बनुबाईनंच सांगितलं. आता डॉक्टरनं ते बोट निरखून बघितलं. मग म्हणाला, "आजी, पाटाला पाणी नसताना पिकावर ऊन पडलं तर पीक काय होतं? अशा पायाला उष्णता द्यायची नसते. पण वीट ठेवली नसती तरी हा पाय याच वाटेवर होता."

आणि वाट कुठली ते त्यानं सांगितलं. तंबाखू. बिडी, चिलीम, चघळायची, नाकात ओढायची, सगळी एकजात. ओढणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होत नाही, पण ज्याला धरतो त्याला तंबाखू सोडल्याशिवाय सोडत नाही. बोट जाणार, त्याला इलाज नाही. पाय वाचेल असं वाटतं. मिरजेला सर्जन आहेत, ते कमरेतून मज्जातंतूंची एक साखळी कापतात, म्हणजे उरलेल्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पायाकडं जास्त रक्त जातं. पण ते तंबाखू पिणाऱ्याला हात लावत नाहीत, कारण मग कापून उपयोग शून्य. एक झुरकासुद्धा घेतला तर माझ्याकडं परत येऊ नका, पाय गुडघ्याच्या वरून कापणाऱ्याकडं जा, असं तो माणूस तोंडावर म्हणाला.

साळूबाईचा पहिला राग डॉक्टरवरच निघाला. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखू पिकते आणि ह्यो बामण आमच्या पानाला नावं ठेवतोय, असं ती ताकारीच्या ठेसनापर्यंत बडबडत आली. पण तिच्या बोटाच्या पेरात त्या पावलाचा लाकडासारखा स्पर्श राहिला होता. रात्री दातांना तंबाखूची मिश्री लावायला तिनं डबी उघडली आणि तशीच मिटली. दुसऱ्या दिवशी डोकं धरलं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना शिव्या दिल्या, पण डबी उघडली नाही. जोतिबानं तर डॉक्टरच्या पायरीवरच बिड्यांचा कट्टा टाकला होता. तेव्हापासून झुरका नाही. मिरजेनं उद्या सकाळी हजर व्हा म्हणून कळवलं होतं. आज तिन्हीसांजेच्या आगगाडीनं निघायचं ठरलं, आणि नेमका आजच हा मान.

काल दिवेलागणीला ती लालासाहेबांकडं गेली होती. म्हणाली, यंदा पोराला ओळीत बसवू नको, लाला. त्यांनी तिला आधी हसण्यावारी नेलं. माझं वय साठीला आलं, चिलीम सोळाव्या वर्षी धरली, हा माझा पाय बघ, असं म्हणून पाय तिच्यापुढं आपटला. ती डॉक्टरचं सांगायला लागली तसा त्यांचा आवाज चढला. सांगलीच्या पेठेत आधीच कुजबूज आहे की लालासाहेबांच्या पोराचा पाय त्यांच्याच तंबाखूनं सडला. उद्या तो ओळीत दिसला नाही तर ती कुजबूज खरी ठरली. मिरजेला खुशाल न्या, पण एक झुरका घेऊन न्या. एका झुरक्यानं कुणी मरत नाही. आणि झुरका घेतल्याशिवाय दारात गाडी जुंपली जायची नाही, हे शेवटचं.

"तुजा पोरगा हाय न्हवं त्यो?" एवढंच साळूबाई म्हणाली होती.

"म्हणूनच त्येनं बसाय पायजे," ते म्हणाले आणि उठून गेले.

म्हणून आज भांडी आदळत होती.

ऊन चढलं तशी माणसं यायला लागली. पुढच्या सोप्यात घोंगडी पसरली होती. सांगलीचे नानासो, जे वर्षानुवर्षं या घरचा माल उचलत आले, ते लोडाला टेकून बसले. त्यांच्या बाजूला आणखी दोन व्यापारी, समोर भाऊबंद. ओळीत पहिले लालासाहेब, मग नाथाजी, मग जोतिबा, त्याच्या पलीकडं चुलतभाऊ ज्ञानू. जोतिबा डावा पाय पुढं पसरून बसला होता आणि पायावर पांढरी पट्टी होती. माजघराच्या दाराआड साळूबाई आणि बनुबाई उभ्या होत्या, अंग चोरून, एकमेकींना न शिवता.

लालासाहेबांनी पान चुरलं. वास माजघरापर्यंत आला. साळूबाईला त्याची इतकी ओढ लागली की तिनं पदर नाकाशी धरला. आत अशी तऱ्हा, तर तिथं हाताच्या अंतरावर बसलेल्या पोराचं काय होत असेल, असं म्हणत तिनं दाराच्या फटीतून जोतिबाकडं बघितलं.

नानासोंनी पानाचा रंग वाखाणला, वजन वाखाणलं, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की धाकट्याच्या पायाला काय झालंय, पेठेत लोक काहीबाही बोलतात.

लालासाहेबांनी चिलमीवर निखारा ठेवला. घाई केली नाही. "काय व्हायचंय नानासो. आमची आक्का. थंडीचं दिस हुतं, तिनं लाल वीट पायाला लावली अन् भाजला पोराचा पाय. बायकांचा कारभार. तंबाखूचा काय संबंध?"

सोप्यात हसू उमटलं. मोठं नव्हे, पण उमटलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारी माणसं ऐकत्यात व्हय.

साळूबाई भिंतीला टेकली. विस्तव अंगावर पडावा तसं झालं तिला. वीट तिनं ठेवली होती, ते खोटं नव्हतं. तेवढ्यासाठी ती स्वतःला रोज बडवून घेत होती. पण ते असं काढायचं? भर सोप्यात, परक्या माणसांपुढं, पानाचं नाव राखायला? ज्याच्या तोंडात घास घालताना आपण उपाशी राहिलो, ज्याच्या पोराला छातीशी धरून जगवलं, त्यानं घरची तंबाखू वाचवायला आपल्यालाच पुढं ढकललं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला नुसता संताप आला. सगळ्या जन्मात ती लालाच्या बाजूनं उभी राहिली होती आणि त्याच्या लेखी ती म्हणजे एक गप्प बसणारी म्हातारी.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. बनुबाई बोलत होती, समोर बघत, दातावर दात धरून. "आत्या, वीट कशापायी तापवली हुती तुमी? तेवढं भाईर जाऊन सांगा की."

साळूबाईनं तिच्याकडं बघितलं. पोरीच्या डोळ्यांत राग होता, पण तो आता तिच्यावर नव्हता. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि उंबरा ओलांडला.

पहिल्या पानाच्या वेळी सोप्यात बाई आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती आली तेव्हा नाथाजीचा झुरका झाला होता, चिलीम पुन्हा लालासाहेबांच्या हातात आली होती आणि त्यांनी ती जोतिबापुढं धरली होती. जोतिबाचा हातही पुढं आला होता. बापानं पुढं केलेलं नाकारायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"जोतिबा, हात खाली घे," साळूबाई म्हणाली.

त्याचा हात मध्येच थांबला. लालासाहेबांनी तिच्याकडं न बघता म्हटलं की आक्का, आत जा.

"जाते की. पर नानासोंनी इचारलं त्येचं निम्मंच उत्तर तू दिलंस, लाला. निम्मं माज्याकडं हाय." चारचौघांत ती त्यांना कधी लाला म्हणत नसे. "वीट मीच ठेवली. बोट माज्या हातानं भाजलं अन् ते मी मरस्तवर इसरायची न्हाई. पर वीट का ठेवली ते इचार. पाय गार हुता म्हणून. दसऱ्याला गार हुता, उनात गार हुता. चांगला पाय कुणी शेकत बसतं व्हय?"

नानासो लोडावरून सरळ होऊन बसले.

थंडीनं गार पडला असेल, असं लालासाहेब म्हणाले. मग उजवा का पडला नाही, असं तिनं विचारलं. त्यावर ते म्हणाले की हे तुला त्या सांगलीच्या डॉक्टरनं पढवलंय.

"डॉक्टरचं सोडून दे. तुला हात हाय न्हवं? आपल्या पावलावर बोट ठेव, काय उडतंय बघ. मग ह्येच्या पावलावर ठेव."

सोप्यातली माणसं चुळबुळली. ती काय मागत होती ते सगळ्यांना कळलं होतं. बापानं लेकाच्या पायाला हात लावायचा, तोही भाऊबंदांपुढं. लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. "बाप लेकाच्या पाया पडतो व्हय कुठं? येड लागलंय तुला."

जोतिबानं पाय ओढून घोंगडीखाली घेतला. ओढताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "आत्या, पुरं. असलं पाप माज्या माथ्यावर नको. आबा, द्या ती चिलीम हिकडं."

"तू गप," साळूबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. "एवढं ऐकूनच पाय घालवलास. कळ आली तवा गप, तुला आळशी म्हटलं तवा गप. आता बी गप बसून मरणार हायस काय? तुजी बायको दाराआड उभी हाय. तिला काय सांगू, आबाचा मान राखला अन् पाय जाळला म्हणून?"

ती खाली बसली. घोंगडी बाजूला केली, भाच्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागली. थोरल्या बाईनं धाकट्याचा पाय मांडीवर घेतलेला बघून एकदोघांनी मान वळवली. पट्टी सुटली तेव्हा सगळ्यांनीच वळवली. नाथाजीनं मात्र वळवली नाही. घरात राहून त्यानं ते बोट इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. तो ओळीतून सरकत आला, आपल्या पावलावर साळूबाईनं दाखवलेल्या जागी बोट ठेवलं, थांबला, आणि मग भावाच्या पावलावर ठेवलं. मग त्यानं जागा बदलून बघितली.

"आबा," तो म्हणाला, "हितं काय बी लागंना. पाय गार दगडावानी हाय." आणि भावाकडं न बघताच म्हणाला, "मी तुला आळशी म्हणत हुतो रं."

लालासाहेब बसल्या जागी तसेच होते. चिलमीचा धूर वर जात होता. साळूबाईला वाटलं, आता हा उठून निघून जाईल. ते उठले नाहीत. सरकले. उजव्या हातातली चिलीम डाव्या हातात घेतली, वाकले आणि लेकाच्या पावलावर हात ठेवला. जोतिबानं डोळे गच्च मिटून हात जोडले, बापाचा हात पायाला लागल्याचं पाप फिटावं म्हणून. लालासाहेबांची जाड बोटं त्या पावलावर फिरत राहिली. एकदा ती उजव्या पायावर जाऊन आली आणि पुन्हा डाव्यावर शोधायला लागली.

"हितंच असतंया का?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय आबा. तिथंच."

"लागंना," ते म्हणाले.

साळूबाईला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. "आता दे त्येला चिलीम," ती म्हणाली. "तुज्या हातानं दे."

लालासाहेब ताठ झाले. काळी मिशी, पांढरा पटका, कृष्णाकाठचा लालासाहेब. त्यांनी चिलीम उचलली, हात जोतिबाच्या अंगावरून पलीकडं नेला आणि ज्ञानूच्या हातात दिली. ज्ञानूनं गोंधळून सगळ्यांकडं बघितलं, पण झुरका घेतला. जोतिबाला चिलीम चुकली होती. त्याचा अर्थ काय, हे त्या सोप्यात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लालासाहेब नानासोंकडं वळून म्हणाले की चला, खळ्यात माल बघून घ्या, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच बाहेर पडले.

बनुबाईनं दाराआडून येऊन पट्टी बांधली. साळूबाई बाजूला झाली नाही. एकीनं पाय धरला, दुसरीनं गाठ मारली. जोतिबा रडत होता. पाय राहील का जाईल यासाठी नव्हे, तर आता आपण या घरचे राहिलो का नाही यासाठी. साळूबाईला ते कळलं आणि तिचा राग पुन्हा पेटला. रानातल्या एका पानासाठी पोटच्या पोराला ओळीतून टाकायचं, आणि त्याला मान म्हणायचं. असल्या मानाला काय जाळायचंय, असं ती मोठ्यानं म्हणाली.

गाडी नाथाजीनं जुंपली. कुणी सांगितलं नव्हतं. वैरणीवर वाकळ पसरली, भावाला खांद्याचा आधार देऊन चढवलं आणि स्वतःच कासरा धरून पुढं बसला. बनुबाई आत चढली. साळूबाई बोचकं घेऊन बाहेर आली तेव्हा लालासाहेब खळ्यातून परत येत होते. व्यापारी गेले होते. माल घेतला का नाही, हे तिनं विचारलं नाही.

ते गाडीच्या चाकापाशी येऊन थांबले. जोतिबाकडं त्यांनी बघितलं नाही. तिलाच म्हणाले, आवाज खाली ठेवून, "आक्का, चारचौघांत माजी मान खाली घातलीस. सगळ्या कृष्णाकाठात हासं केलंस."

"लोक चार दिस हासतील अन् इसरतील, लाला. मग तुजी मान परत वर हुईल," साळूबाई म्हणाली. "त्येचं बोट काय परत यायचं न्हाई. अन् तू आज झुरका दिला असतास तर पाय बी ऱ्हायला नसता."

ती चढायला लागली तसं ते म्हणाले की तू कुठं चाललीस, घर कोण बघणार, संध्याकाळची चूल कोण पेटवणार.

"तू पेटव," ती म्हणाली, आणि नाथाजीला गाडी हाकायला सांगितली.